नको म्हणण्याची रीत

सहाचा भोंगा व्हायला पाच मिनिटं होती. कॉरिनने ब्रिनला पुन्हा एकदा दारात उभं केलं.

"सांग बघू."

सात वर्षांच्या ब्रिनने डोळे वर फिरवले. घुबडाचा मुखवटा कपाळावर सरकवलेला होता, त्यामुळे चारही डोळे छताकडे बघताहेत असं वाटलं. "दिवा लागलेला असेल त्याच घरी जायचं. दिवा नसेल तर पायरीसुद्धा चढायची नाही. हिरवळ तुडवायची नाही, फरशीच्या वाटेनं जायचं. बेल एकदाच दाबायची. एकच घ्यायचं. 'मला हे आवडत नाही' असं म्हणायचं नाही. थँक्यू म्हणायचं."

"आणि?"

"आणि घरी येईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही."

"का?"

"शेंगदाणा." इतर मुलं पाढे म्हणतात तशा एकसुरी आवाजात ती म्हणाली.

ब्रिन तीन वर्षांची असताना चर्चच्या जेवणात कुणीतरी मायेनं तिच्या हातात अर्धं बिस्किट ठेवलं होतं. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत कॉरिनने देवाला जे काही कबूल केलं, ते ती अजून रोज पाळत होती. पहाटे एक स्तोत्र वाचल्याशिवाय ती कॉफीचा कप हातात धरत नसे. तेव्हापासून एक नारिंगी पाकीट या घराबाहेर ब्रिनच्या अंगाला कायम चिकटलेलं असे. आत जाड पेनासारखी दोन इंजेक्शनं. टोपी काढायची, मांडीत दाबायचं, मोजायचं. आज ते पाकीट तिच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

"घुबडांना कोट नसतो, मम्मी."

"ओहायोतल्या घुबडांना असतो."

"मी अस्वल दिसतेय."

"मग पंख असलेलं अस्वल म्हण स्वतःला. बाहेर गारठा बघ."

पण ब्रिनला आज कोटाचं एवढं दुःख नव्हतंच. आज पहिल्यांदा ती दारापर्यंत एकटी जाणार होती. मोठ्या मुलांच्या आया रस्त्याकडेच्या फरशीवर थांबतात, घरमालकाला लांबूनच हात हलवतात आणि पोरं स्वतःच्या तोंडानं 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणून खाऊ मागतात. यंदा कॉरिननेही तसं कबूल केलं होतं. कबूल केल्यापासून तिला नीट झोप नव्हती.

अग्निशामक केंद्राचा भोंगा वाजला. एक लांब हेल, टेकडीपासून नदीपर्यंत. ऑलिव्हर्स मिल गावात हॅलोवीन या भोंग्यानं सुरू व्हायचा आणि आठच्या भोंग्यानं संपायचा. त्या दोन तासांत दिवे लागलेले, त्यानंतर विझलेले. आठनंतर दार वाजवणं म्हणजे कुणाच्या झोपायच्या खोलीत डोकावण्यासारखं होतं.

फाटकाशी रोडा उभी होती. शेजारीण, शाळेपासूनची मैत्रीण. अंगात मेंढीचा पोशाख, हातात लाल हातगाडीचा दांडा, आणि गाडीत पांघरुणांच्या ढिगावर तिचे जुळे, एक मोहरीच्या चटणीची बाटली झालेला, एक टोमॅटोच्या सॉसची.

"काय गं, झाली का लेकीची कवायत?"

"हस तू. एक दिवस तुझे दोघं थँक्यू म्हणतील आणि तू तिथंच चक्कर येऊन पडशील."

"माझे? काल चर्चमध्ये दानपेटीतलं एकानं उचललं आणि दुसऱ्यानं त्याला 'एकच घे' म्हटलं. तेवढीच शिस्त." रोडाने गाडी ओढायला घेतली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि मिसेस स्टकींचं घर?"

"जायचं."

"चुकवू या ना. लोकस्ट स्ट्रीट सोडून मागच्या गल्लीनं जाऊ."

"दिवा लागलाय, त्या बाहेर बसल्यात, आणि आपण समोरून तोंड फिरवून जायचं? माझ्याच्यानं नाही होणार, रोडा."

रोडाने गाडी तशीच पुढे ओढली. तिच्याच्यानंही झालं नसतं.

मिसेस स्टकी चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी तिसरीचा वर्ग घेतला होता. गावातली निम्मी माणसं प्लीज आणि थँक्यू त्यांच्याकडून शिकली होती, कॉरिन आणि रोडासुद्धा. हॅलोवीनला त्या गुडघ्यांवर गोधडी घेऊन पोर्चमध्ये बसत आणि स्वतःच्या हातचे बकाय वाटत. बकाय म्हणजे पीनट बटर आणि साखरेचे छोटे लाडू, चॉकलेटात बुडवलेले, वरून मात्र एवढासा गोल उघडा ठेवलेला, हरणाच्या डोळ्यासारखा. पूर्वी पोरं त्यांच्यासाठी धावत यायची. आता जमाना बदलला होता. घरी केलेलं, दुकानाचं वेष्टन नसलेलं काही कुणी आपल्या मुलाला खाऊ देत नव्हतं. पण हे मिसेस स्टकींना सांगणार कोण? गावानं न बोलताच ठरवून टाकलं होतं. मेणकागदात गुंडाळलेला बकाय घ्यायचा, "थँक्यू मिसेस स्टकी" म्हणायचं, आणि घरी गेल्यावर तो केराच्या डब्यात टाकायचा.

कॉरिन तर हातमोजे घालून बाहेरच्या डब्यात टाकायची. गेली चार वर्षं ती ब्रिनबरोबर स्वतः पायऱ्या चढायची, बकाय आपल्याच हातात घ्यायची आणि हसून दोन शब्द बोलायची. माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. चार-पाच शब्दांचं काम. पण त्या विचारतील, मग आजवर काय केलंस त्यांचं? आणि दुसऱ्यांचं काय होतं? मग सगळ्या गावाचंच पितळ उघडं पडणार. दर वर्षी पायऱ्या उतरताना ती मनाशी म्हणायची, पुढच्या वर्षी सांगू.

यंदा निघण्याआधी तिनं ब्रिनला म्हटलं होतं, "त्या एका घरी मी येते वर."

"फक्त तिथंच? सगळे बघतील! बाळ म्हणतील मला."

"बरं. मग कागद उघडायचा नाही. खाली उतरलीस की थेट माझ्या हातात."

"थेट तुझ्या हातात," ब्रिनने पंख छातीवर ठेवून कबूल केलं.

पहिला तासभर सगळं नीट पार पडलं. ब्रिन दारात जाई, कॉरिन फरशीवर थांबे. दार उघडे, उजेडाचा एक तुकडा पायऱ्यांवर सांडे आणि आतला हात पिशवीवर येई. तेवढा वेळ कॉरिनचा श्वास अडकलेला असे. ब्रिन उड्या मारत परत आली की तो सुटे.

साडेसातच्या सुमाराला लोकस्ट स्ट्रीटच्या तोंडाशी ब्रिन थांबली. चेहरा लालबुंद झाला होता. "मम्मी, मला उकडतंय. आणि पंख हलतच नाहीत. वर्गातल्या एलीचा ड्रॅगन उडतो, माझं घुबड नुसतं चालतं."

खरंच घामेजली होती. त्याच वेळी मोहरीची बाटली ओरडत होती की आत्याकडे जायचंय, आणि टोमॅटोची बाटली रडत होती की जायचं नाही. रोडा म्हणाली, "टाक गं तो कोट गाडीत. मी या दोघांना पलीकडच्या गल्लीत आत्याकडे नेऊन आणते. पावणेआठला चर्चच्या कोपऱ्यावर भेटू."

कॉरिनने कोट काढला, ब्रिनच्या पंखांच्या नाड्या पुन्हा बांधल्या, एक गाठ सैल झाली होती ती दातांनी ओढली. रोडाने कोट पांघरुणांवर टाकला. गाडी खडखडत वळणाआड गेली.

पाकीट तिच्या ध्यानातच आलं नाही. चार वर्षांत एकदाही जे झालं नव्हतं, ते एका सैल नाडीनं झालं.

मिसेस स्टकींच्या पोर्चमध्ये चार-पाच पोरांची रांग होती. ब्रिन शेवटी उभी राहिली. खाली फरशीवर तीन-चार आईबाप गप्पा मारत होते. वेड नावाचा एक उंच माणूस होता, त्याचा मुलगा समुद्री चाचा झाला होता.

"मिसेस स्टकी थकल्यात, नाही?" वेड म्हणाला. "हात बघ कसे थरथरतात."

कॉरिनने पाहिलं. गोधडीवर तबक होतं. मिसेस स्टकींनी तबकातून एक बकाय उचलला आणि चाच्याच्या उघड्या तळहातावर ठेवला.

मेणकागद नव्हता.

"बोटांना आता कागद पिळता येत नाही," त्यांचा वर्गातला आवाज अजून खणखणीत होता, फाटकापर्यंत पोचत होता. "म्हणून यंदा असाच. इथंच खायचा. किती वर्षं झाली, मी कुणाला खाताना बघितलंच नाही. सगळे पिशवीत टाकतात नि पळतात."

चाच्याने बापाकडे बघितलं, खांदे उडवले आणि बकाय तोंडात टाकला. "मस्त आहे!" तो म्हणाला, आणि ते खरं होतं हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. मिसेस स्टकी हसल्या. एवढं हसू त्यांच्या चेहऱ्यावर गावानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

कॉरिनचे पाय पुढे झाले आणि थांबले. घाबरू नकोस, तिनं स्वतःला बजावलं. तिला माहीत आहे. रोज म्हणते ती. शेंगदाणा म्हटलं की दोन पावलं मागं होते.

पण शेंगदाणा दिसायला हवा ना. यंदा थरथरत्या हातांनी सगळेच बकाय चॉकलेटात पुरते बुडाले होते. वरचा तो गोल डोळा एकालाही नव्हता. ब्रिनच्या तळहातावर एक साधी तपकिरी चॉकलेटची गोळी होती.

"खा, पोरी," मिसेस स्टकी म्हणाल्या.

ब्रिन खाईना. घरी जाईपर्यंत खायचं नाही. पण मोठ्या माणसांनी दिलेलं नाकारायचंही नाही. घुबडाचा चेहरा सावकाश मागं वळला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या आईकडे बघत राहिला.

तिच्या नजरेबरोबर मिसेस स्टकींचीही नजर आली. "कॉरिन? तूच ना गं? कशी आहेस?" आणि त्यांनी हात वर केला.

कॉरिनच्या ओठांवर 'नको' आलं होतं. मागं चार माणसं उभी होती. समोर तो हसरा चेहरा होता. आणि आठव्या वर्षापासून त्या आवाजाला जे उत्तर जायचं, तेच गेलं. तिचा हात आपोआप वर झाला आणि हलला.

ब्रिनने तो हात पाहिला. मुखवटा वर सरकवला आणि गोळी तोंडात टाकली.

"थुंक! ब्रिन! थुंक ते!"

ब्रिनचा गाल फुगलेला होता. तिनं खाली झाडून लख्ख केलेल्या लाकडी जमिनीकडे पाहिलं. मिसेस स्टकींच्या गोधडीकडे पाहिलं. कुठं थुंकायचं? तिनं दोनदा घाईनं चावलं आणि गिळलं.

"थँक्यू, मिसेस स्टकी," ती म्हणाली.

कॉरिन हिरवळ तुडवत धावली. पायऱ्यांवर गुडघे आपटले तेही तिला कळलं नाही. "यंदा काय होतं त्यात? सांगा ना, दुसरं काही होतं ना?"

"बकाय गं, दुसरं काय असणार? लोणी, साखर, पीनट ब..." मिसेस स्टकी अर्ध्यातच थांबल्या. कॉरिनच्या चेहऱ्यावर त्यांना सगळं वाचता आलं असावं. तबक गोधडीवरून घसरलं आणि बकाय पायऱ्यांवरून टपटप खाली गेले.

"तोंडात खाजतंय, मम्मी," ब्रिन म्हणाली.

कॉरिनचा हात ब्रिनच्या कोटाचा आतला खिसा शोधत गेला. हाताला लागली ती घुबडाची कापडी पिसं.

क्षणभर तिला काहीच ऐकू येईना. मग सगळं एकदम ऐकू यायला लागलं. वेड विचारत होता, "काय झालं? काय पाहिजे?" आणि ती सांगत होती, तिचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. "कोट. लाल गाडी. रोडा. चर्चचा कोपरा. नारिंगी पाकीट." वेड तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पळाला. तिनं मदतीचा नंबर फिरवला. पलीकडची बाई शांतपणे प्रश्न विचारत होती, तिनं शांतपणे उत्तरं दिली. लोकस्ट स्ट्रीट, एकशे अठरा. सात वर्षं. हो, श्वास घेतेय. हो, आवाज येतोय. मग रोडाला फोन लावला. वाजला, वाजला, वाजून थांबला. तो फोन गाडीत पांघरुणांच्या तळाशी असणार हे तिला ठाऊक होतं. मेंढीच्या पोशाखाला खिसे नव्हते.

"तिला आडवी करू नकोस," मिसेस स्टकी खुर्चीतून उठल्या होत्या. "बसती ठेव. गळ्याशी ती नाडी सोड. पोरी, माझ्याकडे बघ. नाकानं श्वास. हळू."

ब्रिनच्या मानेवर लाल गांध्या उठत होत्या. वरचा ओठ जाड झाला होता. श्वासात ती बारीक शिट्टी होती. चार वर्षं कॉरिनने ती फक्त स्वप्नात ऐकली होती.

आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

गावात रुग्णवाहिका चालवणारी माणसं पगारी नव्हती. कुणी सुतार, कुणी वाण्याच्या दुकानातला. त्यांना बोलवायला केंद्रावरचा तोच भोंगा व्हायचा. तो ब्रिनसाठीच वाजत होता. पण ऑलिव्हर्स मिलमध्ये त्या एका संध्याकाळी भोंग्याचा अर्थ सगळ्यांना एकच ठाऊक होता.

"वाजले आठ!" कुणीतरी पलीकडून ओरडलं. "चला रे, संपलं!"

समोरच्या घराचा दिवा विझला. मग शेजारचा. मग एकामागून एक, नीट, शिस्तीत, जसं दर वर्षी होतं तसं, लोकस्ट स्ट्रीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळोखी होत गेली. भोपळ्यांतल्या मेणबत्त्यांवर फुंकर पडली. आठ वाजायला अजून वीस मिनिटं होती आणि कुणीही घड्याळ बघितलं नाही. गल्लीगल्लीतून पोरं रस्त्यावर आली. भुतं, चेटकिणी, गाई, गाड्या, सगळ्यांची तोंडं घराकडे.

वेड धापा टाकत परत आला. "कोपऱ्यावर कुणी नाही! भोंगा ऐकून गेली असणार. कुठल्या बाजूनं गेली? सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात अंधारात."

रोडाने काय केलं असेल ते कॉरिनला डोळ्यांसमोर दिसलं. भोंगा झाला, म्हणजे कॉरिन मुलीला घेऊन घरी गेली असेल, कोट उद्या देऊ. कुणीही तसंच केलं असतं.

"मम्मी," ब्रिनचा आवाज घोगरा झाला होता. "माझा घसा बारीक झालाय."

"मी धरते तिला," मिसेस स्टकी म्हणाल्या. त्या जमिनीवर बसल्या होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांची हाडं घेऊन, आणि ब्रिनची पाठ त्यांच्या छातीशी टेकलेली होती. "तू जा. कॉरिन! ऐकतेस का? तुझा आवाज आहे ना? जा!"

कॉरिन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. जन्मात ती कधी रस्त्यात ओरडली नव्हती. लग्नातसुद्धा तिची शपथ दुसऱ्या रांगेपलीकडे ऐकू गेली नव्हती. तिनं दोन्ही हात तोंडापाशी धरले. देवा, एवढं एक दे.

"रोडाऽऽ!"

आवाज फाटला. जवळून जाणारी पोरं थबकली. एक चिमुकला सांगाडा तिच्याकडे आ वासून बघत होता.

"हाका मारा!" ती त्याच्यावरच ओरडली. "रोडा! लाल गाडी! हाका मारा सगळे!"

सांगाड्याला एवढंच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक मोठं माणूस त्याला रस्त्यात बोंबलायला सांगत होतं. "रोडाऽऽ!" त्यानं सगळा जीव काढून आरोळी ठोकली. पुढच्या चेटकिणीनं ती उचलली. कोपऱ्यावरच्या दोन गाईंनी उचलली. पुढच्या गल्लीत आणखी कुणी. मुखवट्यांआडून, टोप्यांखालून, अंधारात दिसतही नसलेल्या तोंडांतून ते नाव गल्लीगल्लीतून पुढं पुढं जात राहिलं. रोडा! रोडा! रोडा! विझलेल्या घरांचे पडदे हलले.

कॉरिन मागं वळली. सगळ्या रस्त्यावर एकच पोर्च उजेडात होता. मिसेस स्टकींनी दिवा मालवला नव्हता.

मग खडखड ऐकू आली. फरशीवर उडणाऱ्या लोखंडी चाकांची खडखड. अंधारातून एक मेंढी धावत येत होती, मागं लाल गाडी आदळत होती, आणि बऱ्याच मागं एक मोहरीची आणि एक टोमॅटोची बाटली रडत पळत होत्या.

"काय झालं? कोण बोंबलतंय माझ्या नावानं?"

कॉरिनने उत्तर दिलं नाही. तिनं कोट उचलला, खिसा उघडला, पाकीट हाताला लागलं. पायऱ्या. गुडघे. निळी टोपी दातांनी उपटली. ब्रिनची मांडी, पिसांवरूनच. टक्.

"एक," मिसेस स्टकी मोजू लागल्या. वर्गात मोजायच्या तशा, एकेक आकडा फळ्यावर ठेवल्यासारखा. "दोन. तीन."

कुणी हललं नाही. ब्रिनचं डोकं मिसेस स्टकींच्या हनुवटीखाली होतं. शिट्टी वाजत राहिली. वाजत राहिली. मग तिच्यात एक खंड पडला. मग ब्रिनने एक मोठा, ओला, गचका देणारा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं.

एवढं गोड रडणं कॉरिनने फक्त ती जन्मली तेव्हा ऐकलं होतं.

रुग्णवाहिका आली तेव्हा आठचा खरा भोंगा व्हायला पाच मिनिटं होती. "सगळा रस्ता काळोखात," स्ट्रेचर काढताना सुतार म्हणाला. "घरांचे आकडे दिसेनात. एक दिवा होता म्हणून सरळ इथं आलो."

ब्रिनला आत चढवेपर्यंतच्या त्या दोन मिनिटांत मिसेस स्टकी कठड्याला धरून उभ्या होत्या. गोधडीवर चॉकलेटाचे डाग पडले होते.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तिला चालत नाही हे."

"चार वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मिसेस स्टकींनी पायऱ्यांवर सांडलेल्या बकायांकडे पाहिलं. "मग आजवरचे गेले कुठं?"

कॉरिनने मान खाली घातली. वेडनेही घातली. रोडाने मेंढीची टोपी काढून हातात घेतली.

"हे मी शिकवलं तुम्हाला?" मिसेस स्टकी हळूच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर ऐकायला सोपं गेलं असतं.

दवाखान्यात ब्रिनला चार तास नजरेखाली ठेवायचं ठरलं. ओठ उतरला होता. नाकाखाली नळी होती आणि अंगात अजून अर्धं घुबड होतं. नर्सनं दिलेली नारिंगी बर्फाची कांडी चोखता चोखता ती म्हणाली, "मम्मी, मी थुंकले नाही."

"हो गं, बाळा."

"त्यांची जमीन एवढी स्वच्छ होती. आणि तू हात केलास. बरोबर केलं ना मी?"

बरोबर केलंस म्हणावं, तर ते खोटं होतं. चुकलीस म्हणावं, तर ते त्याहून खोटं होतं.

पडदा सरला. रोडाच्या हाताला धरून मिसेस स्टकी आत आल्या. केस विस्कटलेले, अंगात घरातलाच स्वेटर. त्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसल्या, श्वास खाली बसेपर्यंत थांबल्या, आणि मग त्यांनी आपला रिकामा, थरथरता तळहात ब्रिनसमोर धरला.

"हे घे, पोरी. मी माझ्या हातानं केलंय."

ब्रिनने तळहाताकडे बघितलं. "तिथं काही नाहीये."

"आहे असं समज. फार मेहनतीनं केलंय. घेतलं नाहीस तर मला वाईट वाटेल. घे."

ब्रिनची नजर आईकडे वळली. तोच चेहरा, तोच प्रश्न. कॉरिनने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"नको," ब्रिन पुटपुटली. "थँक्यू."

"थँक्यू नंतर. आधी नुसतं."

"नको."

"मागच्या बाकावर ऐकू आलं नाही."

"नको!" ब्रिन ओरडली. पलीकडच्या पडद्याआडून कुणीतरी दचकलं आणि नर्सनं डोकावून पाहिलं. ब्रिन स्वतःच्याच आवाजानं आधी घाबरली आणि मग कांडी तोंडात धरून खुदकन हसली.

"शाब्बास," मिसेस स्टकी म्हणाल्या. त्यांचा चेहरा हलला नाही. मग खुर्ची जराशी फिरवून त्यांनी तोच हात कॉरिनसमोर धरला.

"आता तू."

कॉरिनने तोंड उघडलं. एवढासा शब्द, पण ओठांवर आधी 'थँक्यू' आलं. समोरचा हात थरथरत होता आणि मागं जात नव्हता.

"म्हण ना, मम्मी," ब्रिन म्हणाली. "सोप्पंय."